मालकांचे दोन्ही हात

नेमगोंडा अण्णांचा चष्मा माझ्या टेबलाखाली येऊन पडला तेव्हा मी दुसऱ्या पाळीच्या सह्या घेत होते. थपडेचा आवाज चष्म्यानंतर आला असं मला वाटलं. तसं नसणार. कान जरा उशिरा कबूल होतो, एवढंच.

"मला परत विचारतोस? मला?" रणधीर मालक ओरडले. "मी लिहिलेलं मलाच वाचून दाखवतोस, भाड्या?"

रांगेत चाळीसेक माणसं होती. सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या.

"मालक, तसा नियमच हाय," अण्णा म्हणाले. "भिंतीवर लावलाय."

मालकांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच गालावर दुसरी दिली आणि गाडीत बसून निघून गेले. लग्नाच्या पंगतीतून उठून आले होते; डोक्यावर फेटा तसाच होता. एवढ्या लांबून खास दोन थपडा मारायला येणारा माणूस आळशी आहे असं कुणी म्हणणार नाही.

मी वाकून चष्मा उचलला. एक काच तडकली होती. अण्णांनी तो शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मस्टरवर सही केली. नेहमीसारखीच, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं देऊन.

इंगवले कास्टिंग्ज ही आमची फौंड्री. कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत. दोन भट्ट्या, एक मशीन शॉप, दोनशे माणसं. नेमगोंडा पाटील म्हणजे अण्णा, एकतीस वर्षं डिस्पॅचला. त्यांच्या कागदाशिवाय गेटमधून खिळाही बाहेर जात नसे. मी वैजयंता, टाइम ऑफिसला. माझं काम माणसं मोजायचं: कोण आला, कधी आला, कोण खोकत आला, कोण बायकोशी भांडून आला. शेवटचे दोन रकाने मस्टरमध्ये नव्हते, ते मी डोक्यात ठेवायचे.

एक गोष्ट मात्र कागदावर ठेवली होती. मस्टरच्या अगदी मागच्या पानावर मालकांच्या हाताची यादी. तारीख, नाव, थप्पड की लाथ, आणि कारण. अण्णांची नोंद त्या वर्षातली तिसावी. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा मी एकच शब्द लिहायचे: विचारलं.

आता थपडेचं कारण. आमचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'इंगवले परिवार'. बासष्ट माणसं. फौंड्रीचा सगळा कारभार त्यावरच चाले. भट्टी कधी चढवायची, गाडी कुठं पाठवायची, कोण उद्या घरी बसणार, सगळं मालक तिथंच लिहायचे. खाली बासष्ट जणांनी पाच मिनिटांत 'हो मालक' लिहायचं. न लिहिणाऱ्याचं नाव माझ्या मागच्या पानावर यायचं.

आणि मालकांच्या मेसेजात शिवी असायचीच. ती त्यांची सहीच म्हणा. एका पाडव्याला त्यांच्या नंबरवरून 'सर्वांना मंगलमय शुभेच्छा' असा मेसेज आला, तर भट्टीवरचा फोरमन भरमू नाईक धावत माझ्याकडे आला. "ताई, मालकांचा फोन कुणी ढापला काय वो?" पाच मिनिटांनी मालकांचा दुसरा मेसेज आला, 'मुडद्यांनो, उत्तर कोण देणार?' तेव्हा भरमूच्या जिवात जीव आला.

त्यात परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं अट घातली. तुमचे कंप्यूटर, तुमचे मेसेज सुरक्षित आहेत याचा लेखी नियम दाखवा, तरच माल घेऊ. मालकांनी कंप्यूटरच्या देखभालीला प्रज्ञा कांबळे नावाची मुलगी लावली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटरवरून यायची. तिनं नियम लिहिला. ग्रुपवर माल हलवायचा, पासवर्ड द्यायचा किंवा फाईल उघडायचा आदेश आला, तर तो देणाऱ्याला फोन करून आधी खात्री करायची. मालकांनी न वाचता सही केली. कागदाला प्लास्टिक चढवलं आणि जोतिबाच्या फोटोशेजारी लावला. इंग्रजीत. दोनशे माणसांत तो अण्णांनी एकट्यानं वाचला, आणि वाचला तो वाचला, वर पाळला. लग्नाच्या पंगतीत मालकांना फोन करून विचारलं, "दोन गाड्या चाकणला पाठव असं तुम्हीच लिहिलंय न्हवं?"

पुढच्या मंगळवारी प्रज्ञानं अण्णांचा गाल बघितला. तोवर तो निळा होऊन पिवळा पडायला लागला होता.

"अण्णा, हे माझ्यामुळं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळं कशाला? हात तुझा होता काय?"

"नियम माझा होता."

"नियम चांगला हाय. त्या पलीकडच्या फौंड्रीत काय झालं? मालकाच्या नावानं कुणीतरी लिहिलं, ह्यांनी फाईल उघडली, सगळं बंद. एक फोन केला असता तर वाचली असती."

"आता परत विचारू नका," मी म्हणाले. "दुसरी काचपण जाईल."

"कागदावर लिहिलंय तोवर विचारणार."

"एकतीस वर्षं तुम्ही ह्यांच्या आणि ह्यांच्या बापाच्या लाथा खाल्ल्या. अजून पोट भरलं नाही?"

अण्णा हसले. "बाप विचारलेलं सांगायचा तरी. लाथ मारून मग सांगायचा."

प्रज्ञा हसली नाही. "ओ ताई, तुमच्या लक्षात येतंय का? इथं बाहेरच्या कुणी काही फोडायची गरजच नाही. मालकांसारखी शिवी लिहिता आली की झालं. इथं कोण विचारणार?"

"मी," अण्णा म्हणाले, आणि गाडीचे कागद घेऊन उठले.

त्याच मंगळवारी साडेअकराला एक पाहुणा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. परदेशी गिऱ्हाइकाकडून सुरक्षेची तपासणी करायला आलोय म्हणाला. मी ओळखपत्र हातात मागितलं, तर तेवढ्यात मालक स्वतः गेटवर आले. "पाहुण्याला उन्हात उभं करतेस? अक्कल गहाण टाकलीस?" मी नाव लिहून घेतलं आणि सोडलं. काचेतून मला मालकांची केबिन दिसायची. पाहुण्यानं चहा घेतला, प्लास्टिकमधल्या नियमाचं कौतुक केलं, मालकांचा फोन हातात घेऊन पाचेक मिनिटं काहीतरी बसवून दिलं आणि गेला. जाताना मला नमस्कार करून गेला. आमच्याकडे येणाऱ्यांत नमस्कार करणारा म्हणून मला तो आवडला होता, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मालकांचा मेसेज आला: तीन नंबर शेडमधला रिजेक्ट माल भंगाराच्या गाडीत भर, आत्ताच्या आत्ता, नेमगोंड्या. मेसेज खरा होता. मालक तेव्हा आपल्या केबिनमध्येच होते. अण्णांनी पन्नास पावलांवरून फोन केला. मालकांनी तो उचलून कानाला लावलेला मला दिसला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला. फेकला नाही, हळू ठेवला. ते हळू ठेवणं बघूनच मी उठून उभी राहिले.

मालक अंगण ओलांडून डिस्पॅचच्या केबिनमध्ये शिरले. तिला माझ्या बाजूनं काच होती. आवाज येत नव्हता, दिसत होतं सगळं. त्यांनी अण्णांना खुर्चीतून उचललं आणि फायलींच्या रॅकवर आदळलं. रॅक कलंडला. मग त्यांनी गळा धरला. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी. अण्णांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. चपला गळून पडल्या. अण्णांचं तोंड माझ्या बाजूला होतं, आणि ते आधी लाल झालं, मग काळपट.

टेबलावर माझा फोन थरथरला. मी तो उचलला, वाचला आणि पालथा ठेवला.

मालकांनी अण्णांना सोडलं तेव्हा ते रॅकपाशी बसल्यासारखे पडले. मालकांनी पोटात एक लाथ घातली, केस सारखे केले आणि बाहेर आले. मी खाली बसून मस्टर उघडला. तारीख दोनदा लिहिली गेली.

पंचवीस मिनिटांनी मशीन शॉपमधून पहिली हाक आली. मग लॅबमधून. मग हिशेबाच्या खोलीतून कुणीतरी बाई किंचाळली. मशिनी एकापाठोपाठ एक थांबत गेल्या. वर्षानुवर्षं तो आवाज कानात भरलेला. तो थांबल्यावर चिमण्या ऐकू आल्या. प्रत्येक कंप्यूटरवर एकच लाल पान होतं. तुमच्या सगळ्या फाईलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा. ड्रॉइंगं, मशिनींचे प्रोग्राम, लॅबचे रिपोर्ट, सगळं त्या पानाच्या मागं. भट्टीत टनभर लोखंड वितळून तयार होतं, आणि लॅब बंद, तपासल्याशिवाय ते साच्यात ओतता येईना. भरमूनं ते तसंच वाळूच्या खड्ड्यात ओतून दिलं. ठिणग्या छपराला लागल्या. दोन पोरांच्या पँटी जळाल्या.

ग्रुपवर मालकांच्या नंबरवरून मेसेज आलेला सगळ्यांनी वाचला होता. 'खालची फाईल आपापल्या कंप्यूटरवर उघडा, नवीन हजेरी आहे. दहा मिनिटांत न उघडणाऱ्याला उद्या गेटवर नागडा उभा करीन, रताळ्यांनो.' एकानंही विचारलं नव्हतं. खाली ओळीनं 'हो मालक, हो मालक' होतं.

"हा मी लिहिलेला नाही!" मालक अंगणात ओरडत होते. "कुठल्या हरामखोरानं लिहिलाय?"

प्रज्ञा वायरी उपटत पळत होती. "सगळ्या मशिनी एकमेकींपासून तोडा! मालक, तुमचा फोन द्या मला."

"घे, बघ!" त्यांनी फोन तिच्या अंगावर फेकला. मग त्यांना डिस्पॅचचा कंप्यूटर दिसला. त्यावर लाल पान नव्हतं. अण्णांनी मागच्या वर्षी तो बाकीच्यांना जोडून मागितला होता, मालकांनी तेव्हा "चालत जा, पाय झडलेत?" असं उत्तर दिलं होतं. कंप्यूटर निवांत सुरू होता. समोर अर्धवट भरलेलं एक चलन.

"सगळ्यांचे गेले," मालक म्हणाले, "ह्याचा कसा वाचला?"

अण्णांच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. आवाज नीट फुटत नव्हता. "मी उघडली न्हाई, मालक."

"का नाही उघडलीस? तुला आधीच ठाऊक होतं!"

"मला..."

"दोनदा मारला म्हणून सूड घेतोस? कुणाला विकलीस माझी फौंड्री?"

भरमूला हाक मारली. दोघांनी अण्णांना वाळूच्या शेडकडे ओढत नेलं आणि शटर खाली आलं. अंगणात शंभर माणसं होती. कुणी काही विचारलं नाही.

प्रज्ञा माझ्या खोलीत आली. चेहरा पांढरा. "ताई, हे बघा." मालकांच्या फोनवर एक यादी होती, त्यांचं खातं आणखी कुठं कुठं उघडं आहे त्याची. एक त्यांचा स्वतःचा फोन. दुसरा कुठलातरी कंप्यूटर. "हा मंगळवारी जोडलाय. अकरा पन्नास. इथंच बसून, मालकांच्या फोनवरून. त्यांच्या हातात फोन असल्याशिवाय हे होत नाही. तीन दिवस कुणीतरी आपल्या ग्रुपवर सगळं वाचत बसलं होतं."

मी गेटचं रजिस्टर उघडलं. मंगळवार, आत अकरा तीस, बाहेर बारा पाच. नाव माझ्याच अक्षरात.

"आपण सांगायला पाहिजे," प्रज्ञा म्हणाली. ती दारापर्यंत गेली आणि थांबली. शेडमधून आवाज येत होता. "ताई, मला नाही जमणार. मी पोलिसांना फोन करते."

"कर," मी म्हणाले. रजिस्टर आणि माझा फोन घेऊन मी वाळूच्या शेडकडे गेले. शटर गुडघ्याइतकं वर होतं.

मी वाकून आत शिरले.

आत तासाभरापूर्वी साच्यातून काढलेलं एक कास्टिंग लोखंडी पाटावर होतं. पंपाचं धूड. असं कास्टिंग वरून काळं पडतं, किती तापलंय ते कळत नाही, पण त्यावर थुंकी टाकली की ती उडून जाते. मालकांनी तसंच करून दाखवलं असावं. कडेला पांढरे डाग होते. भरमूनं अण्णांना मागून धरलं होतं. मालकांनी त्यांचा उजवा हात मनगटात पकडून कास्टिंगच्या वर वीतभर धरला होता. दोन बोटं आधीच टेकवून झाली होती. शेडमध्ये मला ओळखीचा नसलेला वास होता.

"नाव सांग," मालक म्हणत होते. "आता सगळा पंजा ठेवतो. नाव सांग!"

अण्णांनी डोळे मिटले होते. ओठ चावून फाटला होता. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. नाही बोलले.

"मालक," मी म्हणाले.

"बाहेर हो!"

"मेसेज किती वाजता आला?"

"वैजयंता, बाहेर हो नाहीतर तुलाही..."

"चार वाजून बारा मिनिटांनी. फोनवर लिहिलंय." मी फोन पुढं धरला. "चार बाराला तुमचे दोन्ही हात ह्यांच्या गळ्यावर होते. मी काचेतून बघत होते. तुमचा फोन तुमच्या टेबलावर होता आणि ह्यांच्या टाचा वर होत्या. लिहायला कुणाचाच हात मोकळा नव्हता."

भरमूची पकड ढिली झाल्याचं मला आधी दिसलं. तो मालकांकडे बघत नव्हता, अण्णांच्या गळ्याकडे बघत होता.

"ह्यांचा कंप्यूटर वाचला, कारण तुम्ही ह्यांना त्यावर बसू दिलं नाही," मी म्हणाले. "बाकी सगळ्यांनी मुकाट्यानं उघडली. आणि खातं तुमचं मंगळवारी गेलंय. तो पाहुणा. फोन तुम्ही स्वतः त्याच्या हातात दिलात. मी ओळखपत्र मागत होते."

मालकांनी मनगट सोडलं. अण्णा वाळूत बसले, हात दुसऱ्या काखेत घालून.

आमचे मालक दुष्ट असतील, मूर्ख नव्हते. दोन-तीन श्वास घेतले आणि माझ्याकडे वळले. "म्हणजे चार बाराला तुला कळलं होतं. मी लिहिलेला नाही हे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"मग तोंड का नाही उघडलंस? ग्रुपवर एक ओळ लिहायची होतीस! माझी फौंड्री गेली!"

"विचारायची आपल्यात पद्धत नाही, मालक."

ती थप्पड मला दिसलीच नाही. मी वाळूच्या ढिगावर पडले. तोंडात खारट आणि खरखरीत असं दोन्ही एकदम. मालकांनी दुसऱ्यासाठी हात उचलला, तेव्हा भरमूनं तो वरच्या वर धरला. अठरा वर्षं त्यानं मालकांसाठी माणसं धरली होती. त्या दिवशी मालकांना धरलं, एवढाच फरक. धरायची पद्धत तीच.

पोलीस आले. त्यांच्या कागदावर अण्णांचा हात 'कामावरचा अपघात' झाला. पाहुणा सापडला नाही, तसली माणसं सापडत नाहीत. किल्लीसाठी मालकांनी कुणाला लिहिलं नाही, लिहायची गरजच पडली नाही. अण्णा प्रत्येक गाडीबरोबर त्या मालाचं ड्रॉइंग आणि लॅबचा रिपोर्ट पाठवायचे, आणि प्रत्येकाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणून आपल्या कंप्यूटरवर ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांचं सगळं त्या एका मशीनमध्ये निघालं. प्रज्ञानं त्यावरून फौंड्री अकराव्या दिवशी सुरू केली. मालकांच्या हातांनी एक कंप्यूटर वाचला, त्या कंप्यूटरनं दोनशे माणसांच्या चुली. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नियम मराठीत झाला. परदेशी गिऱ्हाइकानं माणूस पाठवून तो पाळला जातो का हे खरोखर तपासलं, म्हणून मालकांना दिवसातून तीस वेळा फोन उचलून "हो, मीच" म्हणावं लागायचं. त्यानंतर त्यांनी कुणावर हात टाकला नाही असं सांगायला मला आवडलं असतं. टाकला. पण वर्षात चारदा. भरमू आसपास नाही ना हे बघून.

दवाखान्यात मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. अण्णांच्या हाताला कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलं होतं. दोन बोटांची टोकं काढावी लागली. बायको डबा आणायला घरी गेली होती. मी स्टुलावर बसले. माझा ओठ सुजला होता, त्यामुळं दोघांनाही बोलायला सारखंच अवघड.

"चष्मा नवा करून आणते," मी म्हणाले.

"कशाला? एका काचेचं दिसतंय की."

मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्ही फोन पालथा ठेवलासा."

मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"गळा धरलेला होता, पण डोळे उघडेच होते माझे. समोर तुमचीच खिडकी. तुम्ही वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवलासा. नंतर तो मेसेज वाचला तेव्हा कळलं मला."

"अण्णा, मला वाटलं, जळू दे एकदा ह्यांचं. तुमचा गळा दिसत होता समोर. तीस नावं होती माझ्याकडे. म्हटलं, भोगू दे."

"व्हय. मलापण वाटलं असतं."

"ते तुमच्यावर येईल असं नव्हतं वाटलं."

"माझ्यावरच येतंय ताई, दरवेळी."

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. मी विचारलं, "शेडमध्ये सांगितलं का नाहीत? ताईंना विचारा, त्यांनी बघितलंय, एवढं म्हटलं असतंत तर हात वाचला असता."

"आणि तुमचा? त्यांना तेव्हा कुणाचा तरी हात पाहिजे होता. कुणाचा, हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. म्हटलं, तुम्ही आपण होऊन आलासा तर बरं. बघू तर खरं, येतात काय."

"आले."

"आलासा की. म्हणून तर हात आहे." त्यांनी मान वळवली. "शटरच्या बाहेर किती वेळ उभ्या होतासा?"

मी टाइम ऑफिसात तेरा वर्षं काढली होती. कोण दोन मिनिटं उशिरा आला हे मला न बघता सांगता यायचं. त्या शटरबाहेर रजिस्टर छातीशी धरून मी उभी होते, तेव्हा आतून पहिली किंकाळी आली होती, आणि नंतर दुसरी, आणि मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघायचं हे मला सुचत नव्हतं.

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.

अण्णांनी त्या पांढऱ्या हाताकडे बघितलं.

"अकराच?" ते म्हणाले. "आत जास्त झाली."